प्रस्तावना : आधी पाणी मोजा, मग मोटार

कोल्हापुरात पंपाच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा एकच विचारतं : "बोअर दोनशे फुटांचं आहे, किती एचपीची टाकू?" दुकानदार सवयीनं सांगतो, "दीडची टाका, काळजी मिटली." खोकं घरी जातं, मोटार बोअरमध्ये उतरते, टाकी भरते. दोन उन्हाळे गेले की तीच मोटार वाइंडिंग जळून बाहेर येते आणि तोच प्रश्न, तेच उत्तर पुन्हा होतं. या प्रश्नात बोअरची खोली आहे. पाणी किती फुटांवर उभं आहे, मोटार चालू झाल्यावर ते किती खाली जातं, तासाभरात झऱ्यांतून किती परत भरतं आणि गच्चीवरची टाकी किती उंच आहे, यातलं एकही त्यात नाही. मोटार निवडायची ती याच चार गोष्टींवर. बोअरची खोली त्यांच्या बरीच नंतर येते.

हे पुस्तक त्या चार गोष्टींपासून सुरू होतं, म्हणून त्याची प्रस्तावना लिहायला मी आनंदानं तयार झालो. लेखकाची सगळी हयात पंप उघडण्यात आणि जोडण्यात गेली आहे. मी यंत्रशास्त्र शिकवत आलो. आमच्या पाठ्यपुस्तकांत पंपाचं गणित असतं, पण ते पंप बनवणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं असतं. ज्याच्या घरात पहाटे साडेपाचला नळ कोरडा पडतो, त्याच्या बाजूनं मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय. कंपनीच्या माहितीपत्रकात इंग्रजीत छापलेले आलेख असतात, ते खोक्याबरोबरच रद्दीत जातात.

कोल्हापूरकराला पाण्याचं अप्रूप नाही असं म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन पंचगंगा शहराच्या उशालाच वाहते. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर पश्चिमेला गगनबावड्याकडे त्याच्या कित्येक पट. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. नदीला फळ्या घालून पाणी अडवण्याची इथली पद्धत इतकी रुळली की 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव सरकारी कागदपत्रांत राज्यभर चालतं. संस्थानकाळात कळंबा तलावाचं पाणी उतारानं शहरात येई, त्याला ढकलायला यंत्र लागत नसे. पुढे शहर वाढलं तशी बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर इथली उपसा केंद्रं आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी पुईखडीला पोचलं.

एवढं सगळं असताना घराघरांत स्वतःचा पंप कशाला, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. कारण नळ ठरावीक वेळीच येतो, चढावरच्या कॉलनीत दाब कमी पडतो आणि उपनगरं नळाच्या आधी बोअर मारून वसली आहेत. जुन्या पेठांत, मंगळवारात, शुक्रवारात, वाड्यावाड्यांत आड होते. कित्येक आडांवर आता स्लॅब पडलाय आणि त्या स्लॅबवर पंप बसलाय. आणखी एक कारण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांनी शिकवलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचा पाणीपुरवठा काही दिवस बंद पडला. टँकरपुढं रांगा लागल्या. त्या दिवसांत ज्या गल्लीत पुराच्या वर एखादं चालू बोअर होतं, तिथं सगळी गल्ली कळश्या घेऊन आली. घरचा पंप ही फक्त घरमालकाची सोय नाही, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आता जमिनीखाली बघू. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. वर माती, मग मुरूम, मग कुजलेला मांजऱ्या दगड आणि त्याखाली अखंड कातळ. पाणी राहतं ते मुरमात, कुजक्या दगडात, कातळाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या फटीत. पाषाणात मोकळी जागा मुळातच थोडी, म्हणून आपल्या विहिरी श्रावणात झपाट्यानं भरतात आणि चैत्रात झपाट्यानं उतरतात. पन्नास फुटांवर एका घराला भरपूर पाणी आणि शेजारी दोनशे फुटांपर्यंत नुसती धूळ, हे कोल्हापुरात नेहमीचंच. पाणाड्या नारळ घेऊन फिरो की भूजलवाले यंत्र लावोत, पाणी भेगेतच लागणार. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात १९७२ पासून आहे. तिच्याकडच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी बघून मग बोअरची जागा ठरवणारी माणसं मात्र विरळा.

बोअर मारणारा गाडीवाला पाणी लागलं की सांगतो, "दोन इंची लागलं बघा." घरमालकाच्या डोळ्यांपुढे दोन इंची पाइप भरून वाहणारं पाणी येतं. हा इंच पाइपाचा नसतो. पाणी त्रिकोणी खाचेच्या पत्र्यावरून सोडतात आणि त्या खाचेत पाण्याची उंची किती हे बघतात, तो हा इंच. काटकोनी खाचेतून एक इंच पाणी म्हणजे मिनिटाला आठ-नऊ लिटर आणि दोन इंच पाणी म्हणजे अठ्ठेचाळीसच्या आसपास. इंच दुप्पट झाला की पाणी पाचपटीच्या वर जातं. म्हणून 'एक इंची'च्या बोअरमध्ये मिनिटाला चाळीस लिटर खेचणारा पंप बसवला की पंप पाणी आटवतो, कोरडा फिरतो आणि जळतो. त्यात हा इंच मोजलेला असतो नुकत्याच मारलेल्या बोअरमध्ये, कंप्रेसरची हवा चालू असताना आणि बहुतेक वेळा पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे. मे महिन्यात त्यातलं किती उरतं हे घरमालकालाच बघावं लागतं. बघायची रीत साधी आहे. हजार लिटरची टाकी किती मिनिटांत भरली ते घड्याळावर बघायचं आणि पंप किती वेळानं हवा ओढायला लागला ते लिहून ठेवायचं.

जमिनीवर बसवलेल्या पंपाचं दुखणं वेगळं. आडावरचा मोनोब्लॉक पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो. खरं तर तो पाइपातली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर चढवतो. समुद्रसपाटीला हा दाब दहा मीटरच्या थोडं वर पाणी चढवू शकतो. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यामुळे इथं हिशेब साडेनऊ-पावणेदहा मीटरचा. पाइपातलं घर्षण, बेंड, फूट व्हॉल्व्ह यांत काही दाब खर्च होतो. हातात उरतात वीस-बावीस फूट. जगातला कुठलाही चांगल्यातला चांगला पंप या निसर्गनियमाच्या पुढं जात नाही. फेब्रुवारीपर्यंत नीट चालणारा आडावरचा पंप एप्रिलमध्ये 'पाणी सोडतो' तेव्हा पंपात काही बिघडलेलं नसतं, पाणी पंचवीस फुटांवर गेलेलं असतं. अशा वेळी मोठी मोटार घेणं म्हणजे पैसे विहिरीत टाकणं. पंप खाली घ्यावा, जेट बसवावा किंवा पाण्यातच बुडणारा ओपनवेल पंप टाकावा.

याच पंपाच्या रोजच्या तक्रारी लेखकानं एका मोठ्या प्रकरणात दिल्या आहेत आणि मला ते या पुस्तकातलं सर्वांत उपयोगी प्रकरण वाटतं. रोज सकाळी पाणी भरून प्राइमिंग करावं लागत असेल तर फूट व्हॉल्व्हचं चामडं किंवा रबर गेलंय, किंवा त्यात काडी अडकलीय. पंप पाणी देता देता मध्येच गुळण्या करत असेल तर सक्शनच्या एखाद्या जोडातून हवा शिरतेय. मोटार नुसती गुंगुं करते आणि फिरत नाही, तर आधी कपॅसिटर तपासा. काही शे रुपयांच्या कपॅसिटरपायी लोक हजारोंचं वाइंडिंग करून बसतात. ग्लँडमधून पाणी ठिबकतं म्हणून नट आवळत बसणं ही तर घरोघरची खोड. दोरीच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. त्या थेंबानं शाफ्ट थंड राहतो. नट आवळून तो थेंब बंद केला की दोरी शाफ्टला चरते आणि पुढच्या वर्षी शाफ्ट बदलावा लागतो.

इथं थोडं आडवळण घेतो, कारण पंपाचा इतिहास आपल्या अंगणातला आहे. बेळगावात १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. आपली पुण्याची गाडी आजही त्या स्टेशनावरून जाते. लोखंडी नांगरानंतर तिथं पंप ओतले जाऊ लागले आणि मोट, नाडा, सोंदूर, धाव हे सगळं हळूहळू मागं पडलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनू लागली, फाउंड्र्या आल्या, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावला कारखाने गेले. पंपाचं केसिंग, इंपेलर, फूट व्हॉल्व्ह ओतणारे हात या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पंप बनवणाऱ्या गावात पंप निवडण्याचं ज्ञान घरोघरी का पोचलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट हातपंपाची. साठ-सत्तरच्या दशकात दुष्काळी गावांत बोअर मारून त्यांवर बिडाचे हातपंप बसवले गेले. त्यांचे नमुने परदेशातल्या एकेका शेतघरासाठी आखलेले होते. इथं अख्खं गाव सकाळपासून रात्रीपर्यंत तोच दांडा हापसत होतं. पंप मोडत गेले, बहुतेक बंदच पडून राहिले. उपाय निघाला तो महाराष्ट्रात. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादाचा, एकाच बिजागरीवर फिरणारा पंप तयार केला आणि सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश माणसानं तो आणखी पक्का केला. सोलापूरच्या त्या पंपावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं 'इंडिया मार्क दोन' आकाराला आला, जो पुढे आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. त्याच्याबरोबर देखभालीची तीन पायऱ्यांची घडीही बसवली गेली : गावातला एक राखणदार, तालुक्याला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडीसकट दुरुस्ती पथक. घरच्या पंपाबद्दल मला जे म्हणायचंय ते या गोष्टीत सगळं आहे. पंप ज्या कामाला आखला त्यापेक्षा वेगळं काम त्याला दिलं की तो मोडतो, आणि त्याच्याकडे रोज बघणारं कुणी नसेल तर मोडण्याआधी कुणाला कळत नाही.

सबमर्सिबल पंप नजरेआड असतो, म्हणून त्याच्याबद्दल गैरसमज जास्त. सहा-साडेसहा इंची बोअरमध्ये चार इंची पंप लोंबकळत असतो. वर एकावर एक इंपेलरच्या पायऱ्या, मधे जाळी आणि सगळ्यात खाली मोटार. तो पाणी खालून वर ढकलतो, त्यामुळे बावीस फुटांची अडचण त्याला नाही. पण त्याची मोटार बाजूनं वाहणाऱ्या पाण्यानं थंड होते. बोअरमधली मुख्य भेग पंपाच्या वर असेल तर पाणी वरून येऊन थेट जाळीत शिरतं आणि खालच्या मोटारीभोवतीचं पाणी जागचं हलत नाही. पाण्यात बुडालेली मोटार गरम होऊन जळते, यावर घरमालकाचा विश्वास बसत नाही, पण असं घडतं. पंपावर बाहेरून एक नळकांडं चढवलं की पाणी आधी मोटारीवरून फिरून मग जाळीत जातं. हा तुकडा अगदी स्वस्त असतो आणि मोटार बसवताना तो सुचवणारे मेकॅनिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

लेखकाबरोबर राजारामपुरीतल्या एका बंगल्यात मी मोटार वर काढताना उभा होतो. बोअरच्या तोंडावर तिपाई घोडा, त्याला चेन-पुली, पाइपाला क्लॅम्प. दहा दहा फुटांचे पाइप एकेक करून वर येत होते. प्रत्येक जोड सोडण्याआधी खालच्या पाइपाला दुसरा क्लॅम्प लागायचा, नाहीतर सगळी माळ खाली जायची. घरच्या काकी दारात उभ्या होत्या. "जळलीच असंल की ओ मोटार?" त्यांनी विचारलं. "काकी, आधी बघूया तरी," लेखक म्हणाले. सातव्या पाइपावर पाण्याची ओल लागली, म्हणजे पाणी साठेक फुटांवर. पंप होता दीडशे फुटांवर. मोटारीपासून दोन फुटांवर केबलचा जोड होता, साध्या काळ्या टेपनं गुंडाळलेला, आणि टेपखाली तांबं हिरवं पडलेलं. त्यांनी जोड कापला, मोटारीच्या तारांना मेगर लावला. काटा सरळ वर गेला. वाइंडिंग ठणठणीत होतं. मग त्यांनी शाफ्ट चिमटीत धरून फिरवला, इंपेलरवरची चुन्याची पुटं खरवडली, मोटारीतलं पाणी बदललं आणि नवा जोड रबराच्या टेपनं व वर पाणीबंद टेपनं असा बांधला, की बांधायलाच पाव तास गेला. "ह्या पाव तासाचे पैसे कुणी देत नाही," ते म्हणाले, "आणि न दिल्याचेच पैसे सगळे भरतात."

त्या घरात बदलायची वेळ आलीच असती, तर हिशेब कसा करायचा हे पुस्तकात उदाहरणासह आहे. मी त्यातला एक मुद्दा पुढं आणतो. समजा बोअर दोनशे फूट, पंप दीडशेवर, उन्हाळ्यात पंप चालू असताना पाणी एकशेवीस फुटांवर स्थिरावतं आणि टाकी जमिनीपासून पस्तीस फुटांवर आहे. घर्षणाचे दहा-पंधरा फूट धरले तर एकूण हेड एकशेसत्तर फूट, म्हणजे बावन्न मीटरच्या आसपास. पंप किती खाली टांगलाय याला या हिशेबात किंमत नाही, पाणी कुठवर उतरतं याला आहे. आता तेच बोअर आषाढात बघा. पाणी तीस फुटांवर आलं, हेड ऐंशी फुटांवर, म्हणजे पंचवीस मीटरच्या आत. बावन्न मीटरला आखलेला पंप पंचवीस मीटरवर गरजेपेक्षा फार जास्त पाणी फेकतो, करंट वाढतो, आतल्या इंपेलरची चळत वर उचलली जाते आणि झिजते. म्हणून नेमप्लेटवर हेडचा जो पल्ला छापलेला असतो, त्यात आपला वैशाख आणि आपला आषाढ दोन्ही बसले पाहिजेत. नसतील बसत तर पावसाळ्यात डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवावा. पंप घेताना सबमर्सिबलला आयएस ८०३४, मोनोब्लॉकला आयएस ९०७९ आणि ओपनवेलला आयएस १४२२० ही मानकं नेमप्लेटवर बघावीत. रंग, वजन आणि शेजाऱ्याची शिफारस यांपेक्षा ती ओळ जास्त सांगते.

आता दाबाकडे येतो. अलीकडे या शहरात सर्वांत जास्त पैसा दाबापायी वाया जातो. बाथरूममध्ये परदेशी पद्धतीचा मोठा शॉवर बसतो आणि पहिल्याच दिवशी त्यातून पाणी ओघळतं. मेकॅनिक लोक दाब किलोत मोजतात. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक किलो. एक मजली बंगल्याच्या गच्चीवर सहा फुटी चौथऱ्यावर टाकी असेल, तर वरच्या मजल्यावरच्या शॉवरच्या डोक्यावर जेमतेम नऊ फूट पाणी येतं, म्हणजे पाव किलोच्या आसपास. तळमजल्याला अर्ध्या किलोच्या थोडं वर. त्या शॉवरला हवा असतो एक-दीड किलो. मग लगेच प्रेशर पंप येतो.

त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात, असं लेखक आग्रहानं सांगतात आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पहिली, टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाचा व्यास. त्याच दाबाला निम्म्या व्यासाच्या पाइपातून पाणी निम्मं येत नाही, जवळपास सहाव्या हिश्श्यावर येतं. टाकीपासून एक-सव्वा इंची लाइन आणली आणि बाथरूमपाशी अर्ध्या इंचाला गेली, तर बऱ्याच घरांत तक्रार तिथंच मिटते. दुसरी, हवा. सोलर हीटरच्या किंवा टाकीच्या लाइनला हवा निघायला उभी नळी नसेल तर पाइपाच्या उंचवट्यावर हवा अडकून बसते आणि गरम पाणी बारीक धारेनं येतं. त्या हवेला पंप लावून ढकलणं म्हणजे विनाकारण विजेचं बिल भरणं.

एवढं करूनही पंप लागणार असेल तर त्याच्याबरोबर दाबाची टाकी घ्यावी, लोक तिला बलून टँक म्हणतात. तिच्या आत रबराचा पडदा असतो, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पंप दीड किलोला चालू आणि अडीच किलोला बंद असं ठरवलं असेल, तर पडद्यामागची हवा दीड किलोपेक्षा थोडी कमी, एक पूर्णांक तीन-चार दशांश ठेवावी. ही हवा तपासायची ती पंप बंद करून, नळ उघडून टाकीतलं पाणी पूर्ण सोडून दिल्यावर, सायकलच्या व्हॉल्व्हसारख्या तिच्या व्हॉल्व्हला गेज लावून. पाणी असताना तपासलं तर आकडा पाण्याचा येतो. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी उडालं तर पडदा फाटलाय. नळ उघडला की पंप खटखट करत दर पाच-दहा सेकंदाला चालू-बंद होतोय, हे हवा गेल्याचं सरळ लक्षण. मोटार सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट करंट घेते. दिवसाला शेकडो वेळा ती सुरू झाली की वाइंडिंग आणि स्विचचे पॉइंट दोन्ही जातात. मोटार बदलली तरी वर्षभरात तीच गत होते, कारण दोष पन्नास पैशांच्या हवेत होता.

पालिकेच्या नळाला थेट मोटार लावण्याबद्दल मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. ते बेकायदा आहे आणि धोक्याचंही. मोटार लाइनमध्ये निर्वात पोकळी करते. त्या पाइपाला जिथं गळती असेल तिथून गटाराचं पाणी आत खेचलं जातं आणि ते आपल्याच पोरांच्या पोटात जातं, शिवाय गल्लीच्या शेवटच्या घराचा नळ कोरडा पडतो. जमिनीत छोटी टाकी करून नळाचं पाणी त्यात आपल्या गतीनं पडू द्यावं आणि तिथून मोटारीनं वर चढवावं. अडीअडचणीला दोनशे लिटरचा पिंपही चालतो.

विजेच्या आणि विहिरीत उतरण्याच्या प्रकरणांवर वाचकानं घाई करू नये. ओल्या जागेत बसलेली मोटार, सैल अर्थिंग आणि अनवाणी माणूस या तीन गोष्टी एकत्र आल्या की जीव जातो. पंपाच्या लाइनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणं हे गुन्ह्याइतकं वाईट, कारण तो पडतो तेव्हा कुठंतरी गळती असते. जुन्या आडात माणूस उतरवताना आधी हवा खेळती करावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि वर ओढायला दोघं तरी हवेत. आडात पेट्रोल किंवा डिझेलचं इंजिन ठेवून गाळ काढायचा नाही. त्याच्या धुराला वास असला तरी त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. पहिला बेशुद्ध पडला म्हणून त्याच्यामागे दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, अशा बातम्या दर काही वर्षांनी येतात.

पुरानंतरचं काम कोल्हापूरला आता पाठ करावं लागणार आहे. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत पुराचं पाणी ओसरल्यावर लोक आधी मोटारीचं बटण दाबतात. ते दाबू नये. मोटार काढावी, गोड्या पाण्यानं धुवावी, उघडून वाळवावी, बेअरिंगं बदलावीत आणि मेगरवर निदान एक मेगाओहम आल्याशिवाय जोडू नये. विहिरीतलं पाणी उपसून टाकावं, नवं पाणी आल्यावर ब्लीचिंग पावडर टाकावी. नेहमीच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर हे प्रमाण. दोन मीटर व्यासाच्या आडात तीन मीटर पाणी असेल तर ते साडेनऊ हजार लिटरच्या आसपास भरतं आणि पावडर लागते चोवीस ग्रॅम. पुरानंतर प्रमाण वाढवावं लागतं आणि ते किती, हे आरोग्य कर्मचाऱ्याकडून क्लोरीन तपासूनच ठरवावं.

लेखकानं पुस्तकाच्या शेवटी एक कोरा तक्ता दिलाय. बोअरची खोली, केसिंग किती फूट, पंप किती फुटांवर, पाइप कुठला, केबल किती जाड, बसवल्याची तारीख आणि मग दर दोन महिन्यांनी तीन आकडे : उभ्या पाण्याची पातळी, हजार लिटर भरायला लागलेली मिनिटं आणि पॅनेलवरचे अँपिअर. पातळीसाठी यंत्र लागत नाही. मेन बंद करून बारीक दोरीला नट बांधून बोअरच्या तोंडातून सोडायचा आणि पाण्याला टेकल्याचा आवाज आला की दोरी मोजायची. पाणी कमी आणि अँपिअरही कमी, तर पंप हवा ओढतोय किंवा पाणी आटलंय. पाणी कमी पण अँपिअर तेवढेच किंवा जास्त, तर पाइप कुठंतरी फुटलाय, इंपेलर अडलाय किंवा व्होल्टेज कमी येतंय. मेकॅनिकला फोन करताना हे आकडे सांगितले की तो निम्मं निदान फोनवरच करतो आणि कुणीही आला तरी त्याला 'मोटार गेली' असं सहज म्हणता येत नाही.

एका मुद्द्यावर माझं आणि लेखकाचं एकमत झालेलं नाही, ते वाचकाला माहीत असावं. सबमर्सिबल दर तीन वर्षांनी बिघाड नसला तरी वर काढून तपासावा, असं ते म्हणतात. त्यांच्या हातून गेलेल्या जोडांचा आणि चुन्यानं भरलेल्या इंपेलरांचा अनुभव त्यामागं आहे. माझं म्हणणं, तक्त्यातले आकडे हलत नसतील तर चालता पंप हलवू नये, कारण काढताना-घालताना केबल सोलली जाते, जुने जोड आणि आटे सुटतात आणि बोअरच्या कडेचे दगड खाली पडतात. आकडे लिहिलेलेच नसतील तर मात्र त्यांचंच ऐकावं. त्यांनी माझं हे मत सातव्या प्रकरणात आपल्या मताच्या शेजारी छापलंय आणि कुठल्या प्रकारच्या बोअरला कुणाचं लागू पडेल, हेही तिथं सांगितलंय.